महाभियोग मंजूर झाला, म्हणजे नेमकं काय झालं?

२० जुलै १७८७. फिलाडेल्फियाच्या स्टेट हाउसमधल्या दालनात तुम्ही पाऊल टाकता आणि थोड्याच वेळात सदरा पाठीला चिकटतो. ऐन उन्हाळा आहे, तरी खिडक्या बंद आहेत. दारावर पहारा आहे. घोडागाड्यांचा खडखडाट आत येऊ नये म्हणून बाहेरच्या फरसबंदीवर माती पसरलेली आहे. इथलं बोलणं बाहेर जाऊ द्यायचं नाही, असं आतल्या सगळ्यांनी ठरवून घेतलंय. हिरव्या कापडाने मढवलेल्या टेबलांभोवती अमेरिकेची राज्यघटना लिहायला जमलेली माणसं बसली आहेत, जाड कोटांत घामेजलेली. समोरच्या उंच पाठीच्या खुर्चीवर जॉर्ज वॉशिंग्टन. त्यांच्या पुढ्यात एक लहानखुरा माणूस भराभर लिहून घेतोय, तो जेम्स मॅडिसन. आज या खोलीत काय बोललं गेलं हे जगाला समजेल ते मुख्यतः त्याच्या टिपणांवरून.

नव्या देशाला एक राष्ट्राध्यक्ष असणार, इतपत ठरलंय. आता प्रश्न आलाय की तो वाईट निघाला तर काय करायचं. चार्ल्स पिंकनी आणि गव्हर्नूर मॉरिस म्हणतात, महाभियोगाचं कलमच काढून टाका. निवडणुका आहेत ना? लोक बघून घेतील. शिवाय कायदेमंडळाच्या हातात हे हत्यार दिलं, तर राष्ट्राध्यक्ष कायम त्यांच्या धाकात राहील.

व्हर्जिनियाचे जॉर्ज मेसन उठतात. त्यांचा सवाल रोखठोक आहे: कायद्यापेक्षा कुणी मोठा असावा का? आणि सर्वांत मोठा अन्याय करण्याची ताकद ज्याच्या हातात आहे, नेमका तोच न्यायाच्या वर कसा काय बसवायचा?

मग बेंजामिन फ्रँकलिन बोलतात. वय ८१. त्यांचा मुद्दा नीट ऐका, कारण पुढच्या दोन शतकांतले सगळे घोळ निस्तरायला तोच उपयोगी पडणार आहे. ते म्हणतात, आजवर राज्यकर्ता डोईजड झाला की लोक काय करत? खून. त्यात त्याचा जीव तर जातोच, पण आपली बाजू मांडून नाव स्वच्छ करण्याची संधीही जाते. त्यापेक्षा घटनेतच रीतसर सोय करा. दोषी असेल तर शिक्षा होऊ दे, आणि आरोप खोटा असेल तर त्याची सन्मानाने सुटका होऊ दे.

मराठी माणसाला हे ऐकताना चौदा वर्षांपूर्वीचं पुणं आठवल्याशिवाय राहत नाही. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात गारदी घुसले आणि अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांचा खून झाला. आरोप नाही, सुनावणी नाही, उत्तर देण्याची सोय नाही. रामशास्त्री प्रभुण्यांनी रघुनाथरावांना दोषी ठरवलं ते खून होऊन गेल्यावर. फ्रँकलिन ज्या पोकळीबद्दल बोलत होते ती पुण्यानेही आपल्या अंगावर सोसली होती. हे मनाशी धरून ठेवा. महाभियोग म्हणजे सुडाची सुधारलेली आवृत्ती, असं अनेकांना वाटतं. अमेरिकेच्या घटनेत तो आला तोच सुडाला पर्याय म्हणून, आणि त्यात आरोपीच्या सुटकेची वाट पहिल्या दिवसापासून ठेवलेली आहे.

बोलता बोलता गव्हर्नूर मॉरिस यांचं मत बदलतं आणि तसं ते उघडपणे सांगतात. कलम राहतं.

आता सात आठवडे पुढे या. ८ सप्टेंबर, खोली तीच. मसुद्यात महाभियोगाची दोनच कारणं उरली आहेत: देशद्रोह आणि लाचखोरी. मेसन अस्वस्थ आहेत. एवढ्याने भागणार नाही, असं सांगताना ते एक नाव घेतात आणि तुमचे कान टवकारतात. वॉरन हेस्टिंग्ज. हाच तो गव्हर्नर-जनरल, ज्याच्या कारकिर्दीत पहिलं इंग्रज-मराठा युद्ध झालं आणि १७८२ मध्ये महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने सालबाईचा तह झाला. त्या युद्धाचं मूळ नारायणरावांच्या खुनानंतर रघुनाथराव इंग्रजांच्या आश्रयाला गेले त्यात होतं. हेस्टिंग्जने पद सोडून दोन वर्षं झालीत, तरी हिंदुस्थानातल्या कारभाराबद्दल ब्रिटिश पार्लमेंटने नुकताच त्याच्यावर महाभियोग मंजूर केलाय. मेसन म्हणतात, हेस्टिंग्जवर देशद्रोहाचा ठपका नाही. म्हणजे आपल्या मसुद्याप्रमाणे असा माणूस हाती लागणारच नाही.

म्हणून ते तिसरं कारण सुचवतात: गैरकारभार. मॅडिसन लगेच हरकत घेतात. एवढा सैल शब्द घातला, तर राष्ट्राध्यक्ष सिनेटच्या मर्जीवरचा नोकर होईल. मेसन शब्द मागे घेतात आणि इंग्लंडच्या जुन्या संसदीय व्यवहारातला शब्दप्रयोग पुढे करतात, ज्याचा अर्थ राज्याविरुद्धचे गंभीर अपराध आणि गैरवर्तन असा होतो. ८ राज्यं बाजूने, ३ विरोधात. घटनेतल्या या चार-पाच इंग्रजी शब्दांवर पुढे पिढ्यान् पिढ्या वकील भांडणार आहेत, पण खोलीत बसून ऐकलंत तर हेतू लख्ख दिसतो. कारभार आवडला नाही एवढं कारण पुरेसं नाही. आणि दंडविधानातलं कलम मोडलंच पाहिजे, अशीही अट नाही. लोकांनी विश्वासाने दिलेल्या सत्तेचा गंभीर दुरुपयोग, हा गाभा.

खोलीतून निघण्यापूर्वी यंत्रणा समजून घ्या. कनिष्ठ सभागृह, म्हणजे प्रतिनिधिगृह, साध्या बहुमताने आरोप ठेवतं. महाभियोग म्हणतात तो एवढाच. मग सिनेटपुढे खटला चालतो, आणि राष्ट्राध्यक्षाचा खटला असेल तर अध्यक्षस्थानी सरन्यायाधीश बसतात. दोषी ठरवायला हजर सदस्यांपैकी दोन तृतीयांश मतं लागतात. शिक्षा म्हणजे पद जाणं, आणि वेगळ्या ठरावाने पुढे पद धारण करण्यास बंदी. तुरुंग नाही, दंड नाही. ते काम नेहमीच्या न्यायालयांचं, आणि त्यांचा दरवाजा नंतरही उघडा असतो.

आरोप ठेवणारा आणि निकाल देणारा एक नाही. दोघांच्या मोजपट्ट्याही एक नाहीत. सगळे गैरसमज याच फटीत उगवतात.

मराठी वाचकाची गल्लत होण्याला एक सबळ कारणही आहे. आपण नकळत आपल्या राज्यघटनेचं कलम ६१ मनात ठेवून अमेरिकेची बातमी वाचतो. आपल्याकडे राष्ट्रपतींवर आरोप ठेवायलाच त्या सभागृहाच्या एक चतुर्थांश सदस्यांच्या सह्या, १४ दिवसांची नोटीस आणि एकूण सदस्यसंख्येच्या दोन तृतीयांश मतं लागतात. कारणही एकच, घटनेचा भंग. त्यानंतर दुसरं सभागृह चौकशी करतं आणि तिथेही दोन तृतीयांश मतं पडली तरच राष्ट्रपती पायउतार होतात. हा प्रसंग आजवर आलेला नाही. आपल्याकडची पहिली पायरीच इतकी उंच आहे की ती चढली म्हणजे काम झालं, असं वाटणं स्वाभाविक आहे. अमेरिकेत पहिली पायरी बसकी आहे आणि दुसरी छातीइतकी उंच.

ती दुसरी पायरी किती उंच, ते बघायला १६ मे १८६८ या दिवशी चला.

वॉशिंग्टनमधलं कॅपिटल. सिनेटच्या सज्ज्यात शिरायला तिकीट लागतं. या खटल्यासाठी मुद्दाम तिकिटं छापली आहेत आणि ती मिळवण्यासाठी शहरात चढाओढ लागली आहे. तुमच्या हातात एक आहे. सज्जा खच्चून भरलाय, खाली ५४ सिनेटर बसलेत, उंचावर सरन्यायाधीश सॅमन चेस. एका बाजूला खटला चालवणारे प्रतिनिधिगृहाचे सदस्य. त्यांच्यात थॅडियस स्टीव्हन्स आहेत, इतके आजारी की त्यांना खुर्चीत बसवून उचलून आणावं लागतं. गुलामीविरुद्ध हयात घालवलेला हा माणूस आणखी तीन महिनेही जगणार नाही.

आरोपीची जागा शोधू नका. राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन इथे नाहीत, ते व्हाइट हाउसमध्ये आहेत. प्रतिनिधिगृहाने २४ फेब्रुवारीला १२६ विरुद्ध ४७ मतांनी त्यांच्यावर महाभियोग मंजूर केला, त्याला जवळपास तीन महिने झाले. या काळात ते राष्ट्राध्यक्षच आहेत. सह्या करतात, नेमणुका सुचवतात, पाहुण्यांना भेटतात. महाभियोग झाला म्हणजे माणूस गेला, असं तुम्ही आजवर धरून चालला असाल, तर त्याचं उत्तर हे.

भांडणाचं मूळ खोल आहे. लिंकन यांच्या हत्येनंतर उपराष्ट्राध्यक्ष जॉन्सन त्यांच्या जागी आले. यादवी युद्ध संपलंय, सुमारे चाळीस लाख माणसं गुलामीतून मोकळी झालीत, आणि त्यांना नागरिक म्हणून हक्क देण्याच्या प्रत्येक पावलाला जॉन्सन आडवे येतायत. १८६६ चा नागरी हक्क कायदा त्यांनी नकाराधिकार वापरून अडवला. काँग्रेसने, म्हणजे दोन्ही सभागृहांच्या कायदेमंडळाने, तो नकार मोडून कायदा केला. दक्षिणेत लष्कराच्या आधाराने नवी घडी बसवली जातेय आणि युद्धमंत्री एडविन स्टँटन काँग्रेसच्या बाजूचे आहेत. त्यांना हात लावता येऊ नये म्हणून काँग्रेसने १८६७ मध्ये कायदा केला: सिनेटच्या संमतीशिवाय अशा अधिकाऱ्यांना काढायचं नाही. २१ फेब्रुवारी १८६८ ला जॉन्सननी स्टँटनना काढलं. स्टँटन कार्यालय सोडेनात. सिनेटर चार्ल्स समनर यांनी त्यांना एका शब्दाचा निरोप धाडला, चिकटून राहा. स्टँटन कार्यालयातच मुक्काम ठोकून बसले.

आरोपपत्रात अकरा कलमं आहेत आणि बहुतेकांचा रोख या बडतर्फीवर आहे. सज्ज्यात बसलेल्या तुम्हाला ठाऊक आहे की खरा राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. मुक्त झालेल्या माणसांच्या वाट्याला आलेली हिंसा आणि तिच्याकडे राष्ट्राध्यक्षांनी फिरवलेली पाठ. हा राग न्याय्य होता, असं मला मनापासून वाटतं. पण आरोपपत्र त्या रागाचं नव्हतं. ते एका नव्या, वादग्रस्त कायद्याच्या भंगाचं होतं, आणि तो कायदा स्टँटनना लागू होतो की नाही यावरच बचावाच्या वकिलांनी बोट ठेवलं. स्टँटनना नेमलं होतं लिंकननी, जॉन्सननी नव्हे.

आधी अकराव्या कलमावर मत घ्यायचं ठरलंय, कारण तिथे दोष सिद्ध होण्याची आशा सर्वांत जास्त. नावं वर्णक्रमाने पुकारली जातात. चेस प्रत्येकाला उभं करून तोच प्रश्न विचारतात: दोषी की निर्दोष? आयोवाच्या जेम्स ग्राइम्सना काही दिवसांपूर्वी पक्षाघाताचा झटका आलाय. त्यांना उचलून आणलंय. बसूनच मत दिलं तरी चालेल, असं चेस सांगतात. ग्राइम्स आधार घेऊन उभे राहतात आणि निर्दोष म्हणतात. ते रिपब्लिकन आहेत, खटला चालवणाऱ्यांच्याच पक्षाचे.

तुम्ही मनात बेरीज करताय. ५४ चे दोन तृतीयांश ३६. कॅन्ससच्या एडमंड रॉस यांचं नाव येतं. ते काय म्हणतील, याचा अंदाज कुणालाच नाही. त्यांच्याजवळ फाडलेल्या कागदाचे कपटे पडलेत, बोटांना चाळा म्हणून फाडलेले. सज्ज्यात कुणी हलत नाही. रॉस म्हणतात, निर्दोष.

३५ विरुद्ध १९. एका मताने जॉन्सन वाचले. सात रिपब्लिकनांनी पक्षाच्या विरोधात मत दिलं. दहा दिवसांनी आणखी दोन कलमांवर मतदान झालं, आकडा पुन्हा तोच, आणि खटला आटोपला. ४ मार्च १८६९ पर्यंत जॉन्सननी मुदत पुरी केली. १८७५ मध्ये ते सिनेटर म्हणून याच सभागृहात येऊन बसले आणि त्याच वर्षी वारले.

तुमच्या शेजारी कुणी जल्लोष करेल, राष्ट्राध्यक्ष निष्पाप ठरले म्हणून. जरा थांबा. ५४ पैकी ३५ जणांनी त्यांना दोषी म्हटलंय. सुटका याचा अर्थ इतकाच, की पद काढून घेण्याइतकं एकमत झालं नाही. प्रतिनिधिगृहाचा २४ फेब्रुवारीचा ठराव या मतदानाने पुसला जात नाही. महाभियोग झालेले पहिले राष्ट्राध्यक्ष म्हणून जॉन्सन यांचं नाव कायम राहतं.

आणखी एक गोष्ट याच सज्ज्यातून दिसते. जॉन्सन गेले असते तर आलं कोण असतं? मागची निवडणूक हरलेला उमेदवार नक्कीच नाही. महाभियोगाने निवडणूक उलटत नाही, पद उत्तराधिकाराच्या ठरलेल्या क्रमाने पुढे जातं. एरवी उपराष्ट्राध्यक्ष येतो. १८६८ मध्ये ते पद रिकामं होतं, म्हणून पाळी होती सिनेटचे हंगामी अध्यक्ष बेंजामिन वेड यांची. वेड खाली बसले होते आणि त्यांनी दोषी म्हणून मतही दिलं. सातांपैकी काहींना वेड राष्ट्राध्यक्ष झालेले नको होते. मतांसाठी पैशांचे व्यवहार झाल्याची कुजबुजही होती आणि बेंजामिन बटलर यांनी तिची चौकशी केली. तेव्हा या सातांना सरसकट देवपण देऊ नका. पण पाया त्यांच्यामुळे पडला: धोरण पटत नाही म्हणून कायद्याचा एक धागा पकडून राष्ट्राध्यक्षाला काढता येणार नाही. त्याची किंमत मात्र दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांनीही मोजली. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही सोबत घेऊनच पुढे जावं लागतं.

पुढचा थांबा १९७४ चा जुलै, आरोप राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्यावर. रेबर्न इमारतीतली मोठी खोली, टीव्हीचे झगझगीत दिवे, प्रतिनिधिगृहाची ३८ जणांची न्यायविषयक समिती आणि अध्यक्षस्थानी पीटर रोडिनो. २५ तारखेला टेक्सासच्या बार्बरा जॉर्डन बोलतात. घटना लिहिली गेली तेव्हा तिच्यातल्या लोकांमध्ये आपली गणती नव्हती, याची आठवण देऊन त्या म्हणतात की या घटनेवर आपली श्रद्धा पूर्ण आहे आणि तिची मोडतोड आपण बघत बसणार नाही. १८६८ च्या सज्ज्यातून आलेल्या तुम्हाला एका कृष्णवर्णीय स्त्रीने हे या टेबलावरून बोलण्याचं मोल समजतं.

२७ जुलैला पहिलं कलम मंजूर होतं, २७ विरुद्ध ११. वॉटरगेट घरफोडी प्रकरणाच्या तपासात अडथळे आणल्याचं. २९ ला दुसरं, सत्तेच्या गैरवापराचं, २८ विरुद्ध १०. ३० ला तिसरं, समितीने मागितलेले पुरावे नाकारल्याचं, २१ विरुद्ध १७. मग येतं प्राप्तिकर चुकवल्याचं कलम. करचुकवेगिरी हा सरळसरळ गुन्हा, तेव्हा हे तर सहज मंजूर होईल, असं तुम्हाला वाटतं. ते पडतं, १२ विरुद्ध २६ ने.

हे आकडे शेजारी शेजारी ठेवून बघा. सत्तेचा गैरवापर या नावाचं कलम अमेरिकेच्या संघीय दंडविधानात सापडत नाही, आणि त्यालाच सर्वांत जास्त मतं पडली. ज्याला कोणीही गुन्हा म्हणेल, ते फेटाळलं गेलं. पुराव्याबद्दल शंका असणारेही त्यात होते, पण अनेकांचं म्हणणं होतं की हा माणसाचा खासगी अपराध आहे, राष्ट्राध्यक्षपदाच्या सत्तेचा नाही. मेसन आणि मॅडिसन यांची १७८७ ची देवघेव इथे जिवंत होते. गुन्हा सिद्ध झाल्याशिवाय महाभियोग नाही, हा समज खोटा. कुठलाही गुन्हा केला की महाभियोग, हाही खोटा.

५ ऑगस्टला निक्सन यांच्या कार्यालयातल्या संभाषणाची ती ध्वनिफीत बाहेर येते, ज्यात ते तपास थोपवायचा डाव आखताना ऐकू येतात. ७ तारखेला बॅरी गोल्डवॉटर, ह्यू स्कॉट आणि जॉन रोड्स हे त्यांच्याच पक्षाचे तीन ज्येष्ठ नेते व्हाइट हाउसमध्ये जाऊन सांगतात की आता मतं उरलेली नाहीत. ८ च्या रात्री निक्सन टीव्हीवर राजीनामा जाहीर करतात आणि ९ ला पायउतार होतात.

म्हणजे निक्सन यांच्यावर महाभियोग झाला का? नाही. समितीने शिफारस केली, पण पूर्ण सभागृहाचं मतदान होण्याआधीच ते गेले. महाभियोगाने गेलेला राष्ट्राध्यक्ष म्हणून बहुतेकांच्या तोंडी त्यांचंच नाव येतं, आणि यादीत तेच नाहीत. ८ सप्टेंबरला राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड त्यांना माफी देतात. ही माफी फौजदारी खटल्यांपासून. महाभियोगाच्या बाबतीत माफीचा अधिकार चालणार नाही, असं घटनेत स्पष्ट लिहिलंय. माफीची गरज भासली यातूनच कळतं की पद गेल्याने न्यायालयाचा रस्ता बंद होत नाही.

१९९८ मध्ये फार रेंगाळायचं कारण नाही, पण दोन माणसं बघून घ्या. १९ डिसेंबरला प्रतिनिधिगृह राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांच्यावर दोन कलमं मंजूर करतं: खोटी शपथ आणि न्यायात अडथळा. मतदानाच्या दिवशी सभागृहाचे सदस्य असलेले फ्लोरिडाचे अल्सी हेस्टिंग्ज पूर्वी संघीय न्यायाधीश होते. १९८८ मध्ये याच सभागृहाने त्यांच्यावर महाभियोग मंजूर केला आणि १९८९ मध्ये सिनेटने त्यांना न्यायाधीशपदावरून काढलंही. पुढे पद धारण करण्यावर बंदी घालण्याचा वेगळा ठराव मात्र झाला नाही. १९९२ मध्ये ते निवडणुकीला उभे राहिले आणि जिंकले. पद गेलं की माणूस राजकारणातून कायमचा बाद होतो, या समजाला ते चालतंबोलतं उत्तर होते.

दुसरे स्वतः क्लिंटन. महाभियोग मंजूर झाल्यानंतर लगेच घेतलेल्या गॅलपच्या पाहणीत त्यांना ७३ टक्के पसंती मिळते. १२ फेब्रुवारी १९९९ ला सिनेटमध्ये एका कलमावर ४५ विरुद्ध ५५ आणि दुसऱ्यावर ५०-५० अशी मतं पडतात. दोषी ठरायला ६७ लागतात, त्यामुळे ते सुटतात. तरी एका संघीय न्यायाधीशांनी त्यांना न्यायालयाचा अवमान केल्याबद्दल दंड केलाच, आणि २००१ मध्ये वकिलीची सनद पाच वर्षं निलंबित होणं त्यांना मान्य करावं लागलं.

आता १३ जानेवारी २०२१. कॅपिटलच्या संगमरवरी फरशीवर नॅशनल गार्डचे सैनिक झोपलेत, उशाशी पिशव्या, बाजूला बंदुका. आठवड्यापूर्वी, ६ तारखेला, इथे जमाव घुसला होता. त्या जमावाला चिथावल्याच्या आरोपावरून सभागृहात राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांच्यावर दुसऱ्यांदा महाभियोग मंजूर होतोय. पहिला १८ डिसेंबर २०१९ ला झाला होता आणि ५ फेब्रुवारी २०२० ला सिनेटने त्यांची सुटका केली होती. तेव्हा मिट रॉम्नी यांनी त्यांना एका कलमावर दोषी म्हटलं. स्वपक्षाच्या राष्ट्राध्यक्षाला दोषी ठरवणारे ते पहिले सिनेटर. या वेळी आकडा २३२ विरुद्ध १९७, आणि बाजूने मत देणाऱ्यांत दहा रिपब्लिकन.

पण मुदत आठवड्यात संपतेय. खटला सुरू होईपर्यंत ट्रम्प माजी झालेले असणार. मग काढायचं कुणाला? ९ फेब्रुवारीला सिनेट ५६ विरुद्ध ४४ मतांनी ठरवते की खटला चालवता येतो. या वादात तुम्हाला पुन्हा मेसन आठवतील. त्यांनी ज्याचं उदाहरण दिलं तो वॉरन हेस्टिंग्ज पदावर नव्हताच. १३ फेब्रुवारीला ५७ जण दोषी म्हणतात, ४३ निर्दोष. निम्म्याहून अधिक, तरी सुटका. बंदीचा ठराव साध्या बहुमताने होऊ शकतो, पण आधी दोष सिद्ध व्हावा लागतो. तो झाला नाही, त्यामुळे बंदीचा प्रश्न उद्भवला नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये ट्रम्प पुन्हा निवडून आले. महाभियोग होऊनही ते परत कसे उभे राहिले, हा प्रश्न अनेक मराठी घरांत विचारला गेला. त्याचं उत्तर १७८७ पासून लिहून ठेवलेलं होतं.

आता सगळे आकडे तुमच्या हातात आहेत. चार महाभियोग, तीन राष्ट्राध्यक्ष, सिनेटने काढलेला एकही नाही. मग हे कलम कुचकामी आहे का? निक्सन यांच्याकडे बघून तसं म्हणवत नाही. मतदान झालंच नाही, पण मतं कुठे पडणार हे कळलं आणि ते गेले. रक्त सांडलं नाही, सैन्य बाहेर पडलं नाही. फ्रँकलिनना हेच हवं होतं.

दोन तृतीयांशाची अट अशासाठी, की कुठल्याही एका पक्षाला हे एकट्याने जमू नये. याचा सरळ अर्थ असा की महाभियोगाचं भवितव्य पक्षाची रेघ ओलांडणाऱ्या माणसांवर ठरतं. १८६८ मध्ये सातांनी ती ओलांडली आरोपीला सोडण्यासाठी. १९७४ मध्ये समितीतल्या काही रिपब्लिकनांनी ओलांडली आरोप ठेवण्यासाठी. २०२१ मध्ये प्रतिनिधिगृहातल्या दहांनी आणि सिनेटमधल्या सातांनी ओलांडली. त्या दहांपैकी दोघेच २०२२ च्या निवडणुकीनंतर सभागृहात परतले. बाकीच्यांनी माघार घेतली किंवा पक्षांतर्गत निवडणुकीत हरले.

म्हणून पुढची बातमी येईल तेव्हा आधी विचारा: कोणत्या सभागृहाने, किती मतांनी, आणि पुढची पायरी कुठली? आरोप सत्तेच्या गैरवापराचा आहे की नुसत्या नावडीचा? मगच आनंद करा किंवा हळहळा. आरोपालाच निकाल समजणारे लोक पहिल्या दिवशी फटाके वाजवतात आणि शेवटच्या दिवशी सगळी व्यवस्थाच खोटी म्हणून तिच्याकडे पाठ फिरवतात. हे दुसरं मला जास्त धोक्याचं वाटतं. कायद्याने राज्यकर्त्याला जाब विचारता येतो यावरचा विश्वास उडाला, की जुनी रीत परत यायला वेळ लागत नाही, आणि ती रीत कशी असते हे शनिवारवाड्याने बघितलंय. घटना लिहिणाऱ्यांनी जाब विचारायची जागा करून दिली. तिथे उभं राहून सदसद्विवेकाने मत देणाऱ्याला घरी बसवायचं की पाठबळ द्यायचं, हे मतदार ठरवतात. महाभियोग टिकेल किंवा मोडेल तो त्यांच्याच हातून.